व्हिडिओ गेम मालिकेच्या कथानकातील एक्सपान्शन पॅकचे स्थान

मूळ गेम बाजारात आल्यानंतर त्याला जोडून, बहुधा वेगळी किंमत घेऊन दिल्या जाणाऱ्या मोठ्या पुरवणीला एक्सपान्शन पॅक म्हणतात. नवे नकाशे, शस्त्रे आणि शत्रू यांच्या जोडीला त्यात अनेकदा कथेचा नवा भागही असतो. पूर्वी हे पॅक सीडीवर, स्वतंत्र खोक्यात विकले जात. आता बहुतेक डीएलसी (डाउनलोडेबल कंटेंट, म्हणजे इंटरनेटवरून घ्यायची पुरवणी) म्हणून डाउनलोड होतात. पॅकमधल्या कथेचे मालिकेतले वजन तिच्या लांबीवरून ठरत नाही. तिथे घडलेले पुढचा मुख्य गेम मान्य करतो की नाही, यावर ते ठरते.

ब्लिझार्ड कंपनीचे जुने गेम या बाबतीत सर्वांत ठळक आहेत. ‘वॉरक्राफ्ट ३: रेन ऑफ केऑस’ (२००२) मध्ये शापित तलवारीच्या आहारी गेलेला राजपुत्र आर्थस बापाचा खून करतो, पण गेम संपतो आर्किमॉन्ड या राक्षसी सरदाराच्या पराभवावर. आर्थसचे पुढे काय झाले, हे २००३ च्या ‘द फ्रोझन थ्रोन’ या पॅकमध्ये कळते. शेवटच्या दृश्यात तो बर्फाच्छादित सिंहासनापर्यंत चढून जातो, फ्रॉस्टमोर्न या आपल्या शापित तलवारीच्या घावाने बर्फ फोडतो, आतले शिरस्त्राण डोक्यावर चढवतो आणि लिच किंग, म्हणजे मृतांच्या सैन्याचा राजा होतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ (२००८) हा पॅक या एका दृश्यावर उभा आहे. ‘डायब्लो २’चेही तसेच. त्याच्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ (२००१) या पॅकमध्ये देवदूत टायरेल वर्ल्डस्टोन हा जगाचे रक्षण करणारा महाकाय स्फटिक नष्ट करतो आणि ‘डायब्लो ३’ (२०१२) चे जग त्या विनाशानंतरचे आहे. अशा पॅकना पुरवणी म्हणणे नावापुरतेच. ते मालिकेतले पूर्ण अध्याय आहेत.

पॅक दुसऱ्या स्टुडिओने बनवला असेल तर त्यातली कथा टिकेलच याची खात्री नसते. ‘हाफ-लाइफ’चे ‘अपोझिंग फोर्स’ (१९९९) आणि ‘ब्लू शिफ्ट’ (२००१) हे दोन्ही पॅक गिअरबॉक्स या बाहेरच्या स्टुडिओचे. ‘ब्लू शिफ्ट’चा नायक बार्नी ‘हाफ-लाइफ २’ (२००४) मध्ये महत्त्वाचा साथीदार म्हणून परतला. ‘अपोझिंग फोर्स’चा नायक एड्रियन शेपर्ड मात्र जी-मॅन या गूढ पात्राच्या ताब्यात गेला तो मुख्य मालिकेत पुन्हा दिसलाच नाही. ‘फिअर’ मालिकेत तर टाइमगेटने बनवलेले दोन्ही पॅक मूळ स्टुडिओ मोनोलिथच्या ‘फिअर २’ (२००९) ने सरळ बाजूला सारले. ज्यांनी ती कथा मन लावून खेळली, त्यांच्यावर हा अन्यायच होता.

याच्या उलट टोकाची अडचण ‘मास इफेक्ट’मध्ये दिसते. ‘मास इफेक्ट २’च्या ‘अरायव्हल’ (२०११) या छोट्या डीएलसीत रीपर्स या महाकाय यंत्रशत्रूंना थोपवण्यासाठी या मालिकेचा नायक शेपर्ड (‘हाफ-लाइफ’मधला नव्हे) एक लघुग्रह मास रिलेवर, म्हणजे ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या यंत्रावर आदळवतो आणि त्या स्फोटात बटेरियन या परग्रहवासी जमातीच्या वसाहतीतले तीन लाखांहून अधिक जीव जातात. ‘मास इफेक्ट ३’ (२०१२) सुरू होतो तेव्हा शेपर्ड पृथ्वीवर नजरकैदेत असतो, तो मुख्यतः याच कृत्यामुळे. ज्यांनी ही डीएलसी घेतली नव्हती, त्यांना एवढ्या मोठ्या घटनेचा पत्ता संवादांतल्या उल्लेखांतूनच लागतो. मुख्य कथेचा सांधा ऐच्छिक खरेदीत ठेवणे हे कथाकथनाच्या दृष्टीने चूकच आहे. ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेममध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण आधीच्या पॅकची मुख्य कथा पूर्ण केल्याशिवाय एरवी पुढच्या पॅकची कथा खुली होत नाही.

काही पॅक आधीचा शेवटच बदलतात. ‘फॉलआउट ३’चा गेम ज्या बलिदानाच्या प्रसंगावर थांबत असे, तिथून ‘ब्रोकन स्टील’ (२००९) ने नायकाला दोन आठवड्यांनी शुद्धीवर आणून खेळ पुढे चालू ठेवला. मूळ शेवटातल्या बलिदानाची धार त्यामुळे गेली, तरीही त्या शेवटावर नाराज असलेल्या अनेक खेळाडूंनी त्याचे स्वागत केले. ‘द विचर ३’चा ‘ब्लड अँड वाइन’ (२०१६) मात्र काहीच पुसत नाही. तुसाँ या प्रदेशात मालिकेचा नायक गेराल्टला स्वतःचा द्राक्षमळा मिळतो आणि त्याच्या कथेला निरोपाची जागा मिळते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘द विचर ४’ची नायिका त्याची मानसकन्या सिरी आहे.