हानलेला लेन्स नेताय? आधी हे वाचा

दर सीझनला लडाखमधल्या हानलेहून आमची भाड्याने दिलेली लेन्स परत येते आणि सोबत तक्रार, की ५०० एमएम सॉफ्ट आहे, म्हणजे फोटो धूसर येतात, कियांग (तिकडची रानगाढवं) सगळे पाण्यातून काढल्यासारखे आलेत. मग आम्ही तीच लेन्स ट्रायपॉडवर लावून समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून दाखवतो, बारीक अक्षरसुद्धा वाचता येतं, आणि यात तुमचा-आमचा अर्धा दिवस जातो.

लेन्स बरी असते हो, हवा हलत असते. हानले साधारण ४,३०० मीटरवर, हवा गार पण ऊन कडक. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की तिच्यावरची गरम हवा वरच्या गार हवेत मिसळते आणि लांबचं सगळं थरथरायला लागतं, यालाच हेझ म्हणतात. कियांग काय, तिबेटी गॅझेल काय, जवळ येऊ देत नाहीत म्हणून आपण लांबूनच काढणार, आणि जितकं लांब तितकी मधली हवा जास्त. शटर स्पीड वाढवून हे जात नाही. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावला तर थरथरही मोठी दिसते, म्हणून तो मागितला की आम्ही आधी चार प्रश्न विचारतो, त्यात भाडं बुडतं ते आमचंच. शिवाय सासवडच्या माळावर लागलेली आडवं पडून फोटो काढायची सवय तिकडे दुपारी अंगाशी येते, कारण जमिनीलगतच हेझ सगळ्यात जास्त.

आणि गाडीचा हीटर! पहाटेचे फोटो यानेच जातात. काच खाली केली की आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते. हीटर आधीच बंद करा, काचा उघडा, लेन्स गार होऊ द्या, कुडकुडलात तरी चालेल.

पॅलस मांजर (तिकडचं रानमांजर) धोका वाटला की पळण्याऐवजी जमिनीला चपटं चिकटून बसतं, ते बसलंय म्हणून उतरून जवळ जाऊ नका, गाडीही गवतात घालू नका. हेझ कमी व्हायला ढग येईपर्यंत नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबा. आम्ही १ ते ४ बंद असतो त्यावर लोक हसतात, तिकडे कॅमेऱ्यानेही तेच करावं.

सॉफ्ट फोटोसाठी भाडं परत मिळत नाही, म्हणून नेतानाच टेस्ट शॉट तुमच्या कार्डवर काढून घ्या. ५०० आणि ६०० सोबत बीन बॅग (लेन्स टेकवायची पिशवी) फ्री, रिकामी न्या, लेहला राजमा भरा.

केरळच्या एराविकुलम नॅशनल पार्कला नीलगिरी ताहर (डोंगरी रानबकरे) काढायचे असतील तर मात्र ५०० नको, तिथल्या राजमला भागातल्या रस्त्यालगतचे ताहर माणसांना सरावलेत, १००-४०० पुरते, भाडंही कमी. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांच्या सीझनला पार्क साधारण बंद असतं, तारखा बघूनच बुकिंग करा.