साबुदाण्याच्या मुळाचं ब्राझिली सूप

कुरडयांचा चीक हाटताना एक क्षण असा येतो, की इतका वेळ दुधासारखं पातळ असलेलं मिश्रण एकाएकी जड होतं, हात अडतो आणि पांढरेपणा जाऊन चीक काचेसारखा दिसू लागतो. ब्राझीलमध्ये जूनच्या थंडीत, सेंट जॉनच्या सणाच्या दिवसांत हमखास शिजणाऱ्या ‘काल्दो दे मांजिओका’ या दाट सुपात हेच घडतं. फक्त तिथे चीक वेगळा काढावा लागत नाही, तो कंदातच असतो.

मांजिओका म्हणजे कसावा. रिओकडे त्याला आयपीं म्हणतात, ईशान्येकडे माकाशेइरा. आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा, बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून आलेला. हा कंद पोर्तुगीजांमार्फत भारतात पोचला. म्हणजे एकादशीची खिचडी निम्मी ब्राझिली, आणि शेंगदाणा नि मिरचीही दक्षिण-मध्य अमेरिकेच्याच म्हटल्यावर निम्म्याहून थोडी जास्तच!

पण चुलीवर ठेवण्याआधी या कंदाचा स्वभाव माहीत हवा. त्याच्या पेशींत लिनामारिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळ्या कप्प्यात असतं. कंद चिरला, किसला किंवा उंदराने कुरतडला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतं. खाण्याच्या ‘गोड’ जातींत ते ताज्या कंदाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी भरतं, कडू जातींत कित्येक पटींनी जास्त. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनी यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. ते कडू कंद मुद्दाम किसतात, म्हणजे विष असेल तेवढं सुटू देतात. मग वेताच्या लांबोळक्या विणलेल्या नळीत कीस भरून, नळी ताणून रस पिळतात आणि चोथा भाजतात. सायनाइड 26 अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे आच लागली की ते उडून जातं. पिळलेला पिवळा रसही फेकत नाहीत. तो बराच वेळ उकळला की ‘तुकुपी’ तयार, आणि पारा राज्यात त्यात बदक शिजतं.

सुपाला कायम गोड जातच घ्यायची. तरीही खबरदारी तीच, आणि तिच्यामागचं कारणही तेच. जाड साल आणि तिच्याखालचा गुलाबीसर पापुद्रा दोन्ही काढून लहान फोडी करा. त्या उकळत्या पाण्यात न टाकता भरपूर थंड पाण्यात टाकून चढवा. एकदम आधण लागलं तर विकर आधीच निकामी होतं आणि लिनामारिन न फुटता तसंच राहतं. हळूहळू तापलं तर विकराला काम करायला वेळ मिळतो. झाकण ठेवू नका, वाफ जाऊ द्या. दहाएक मिनिटं उकळून पाणी ओतून टाका. कच्चा कंद तोंडात टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता कुकर. एक किलो कसाव्याला अर्धा किलो हाडांसकट मांस लागतं. ब्राझीलच्या मिनास झेराइस राज्यात गाईच्या बरगड्या घालून करतात, तेव्हा त्या पदार्थाला ‘वाका आतोलादा’ म्हणतात, म्हणजे चिखलात रुतलेली गाय. चिखल अर्थातच कसाव्याचा. कांदा-लसूण परतून मांस लालसर होऊ द्या, मग पाणी घालून शिजवा. कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं, त्यामुळे हाडाजवळचं चिवट कोलॅजन लवकर विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मांस सुटू लागलं की फोडी घालून पुन्हा शिजवा. मांस नको असेल तर नुसत्या कांदा-लसणावरही सूप चांगलं होतं, दाटपणा काही मांसातून येत नाही.

तो येतो स्टार्चमधून. ताज्या कंदात साधारण चौथा हिस्सा स्टार्च असतो. 60 ते 70 अंशांच्या दरम्यान त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मोकळं पाणी उरत नाही. दोन-तृतीयांश फोडी रवीने घोटा, मधले दोरे काढून टाका, बाकीच्या फोडी तशाच राहू द्या. मिक्सर मला इथे आवडत नाही. पाती जोरात फिरली की फुगलेले कण फाटतात, आतल्या लांब साखळ्या बाहेर येतात आणि सूप लाळेसारखं तार धरतं. आपल्या आज्या सुती लुगड्यांना साबुदाण्याची खळ द्यायच्या ती याच चिकटपणाच्या जोरावर.

कसावा मुंबई-पुण्यात केरळी दुकानांत ‘कप्पा’ म्हणून मिळतो, अमेरिकेत लॅटिन दुकानांत मेण लावलेला ‘युका’ म्हणून. कापून आत निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर तो कंद घेऊ नका. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच त्या पडू लागतात, म्हणून सोललेला, गोठवलेला कसावा मिळाला तर जास्त बरा.

वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर भुरभुरवा, ईशान्य ब्राझीलमध्येही कोथिंबीरच चालते. रात्रीचं उरलेलं सूप सकाळी थिजून घट्ट बसलेलं दिसेल. त्यात गरम पाणी घालून मंद आचेवर हलवत राहा, आणि मीठ पुन्हा एकदा चाखून बघा.