खोक्यावरचे वॅट आणि बॅटरीचे बारा व्होल्ट

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : २५०० वॅट. आतला अ‍ॅम्प्लिफायर (गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवणारं यंत्र) बाहेर काढून कडेला पाहिलं, की पॉवरच्या टर्मिनलशेजारी दोन फ्यूज दिसतात, प्रत्येकी २५ अँपिअरचे. म्हणजे हे यंत्र गाडीकडून सलग फार तर ५० अँपिअर घेऊ शकतं. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १३.८ व्होल्ट असतात. ५० गुणिले १३.८ म्हणजे ६९०. आत जाणारी वीजच ६९० वॅट, तर बाहेर २५०० येणार कुठून? अ‍ॅम्प नव्या घडणीचा, क्लास डी असेल तर यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे साडेपाचशे वॅट स्पीकरपर्यंत पोचतात. जुन्या घडणीचा क्लास एबी असेल तर पावणेचारशे. उरलेल्याची निव्वळ उष्णता होते. दुकानाच्या काउंटरवर मोबाइल काढून हा हिशोब अर्ध्या मिनिटात होतो.

सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, दोन ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) घ्यावा की चारचा, अ‍ॅम्पला करंगळीएवढी जाड वायर कशाला लागते, आणि खोक्यावरचा आकडा एवढा फुगतो कसा, या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे : गाडीची बॅटरी बारा व्होल्टची आहे. कार ऑडिओत आजवर जे जे नवं आलं, त्यातलं बरंचसं या तुटपुंज्या व्होल्टेजमधून जास्त आवाज काढण्याच्या खटपटीतून आलं.

१९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ नावाने गाडीत बसणारा रेडिओ विकायला काढला. तेव्हा गाड्यांची बॅटरी सहाच व्होल्टची होती आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांना) शे-दीडशे व्होल्ट तरी लागायचे. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवत. मग व्हायब्रेटर आला : सेकंदाला शंभरेक वेळा थरथरणारी एक पट्टी सहा व्होल्टांचा प्रवाह सारखा तोडायची-जोडायची, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला की व्होल्टेज चढायचं. ही पट्टी ध्यानात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९५० च्या दशकात मोटारी बारा व्होल्टांवर आल्या, आणि १९५५ मध्ये क्रायस्लर-फिल्कोचा पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ आला. ट्रान्झिस्टरचं बारा व्होल्टांत भागतं, त्यामुळे व्हायब्रेटरची कटकट गेली. मात्र आवाजाला छत बसलं. १४.४ व्होल्टांवर चालणाऱ्या साध्या सर्किटमधून चार ओमच्या स्पीकरला कागदावरसुद्धा साडेसहा वॅटच मिळतात. भारतात वर्षानुवर्षं टेप दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यात असलेली पाच पायांची टीडीए २००३ ही आयसी याचीच साक्ष देते : चार ओमवर सहा वॅट, दोन ओमवर दहा. ओम निम्मे केले की वॅट वाढतात, हे गणित तेव्हापासून प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहे.

त्यावरचा पहिला तोडगा ब्रिजचा. एकाच स्पीकरच्या दोन टोकांना दोन सर्किटं जोडायची, एक ढकलतं तेव्हा दुसरं ओढतं. व्होल्टेज दुप्पट, म्हणून शक्ती कागदावर चौपट, २६ वॅट. आजच्या डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डातल्या स्टिरिओच्या, तोंडावर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असतं, पण आवाज न फाटता प्रत्येक स्पीकरला खरे १५ ते २० वॅटच मिळतात, ते या छतामुळे. एवढ्यावर दारातले स्पीकर चांगले वाजतात. सबवूफर चालत नाही.

खानदेशात रस्त्यावरचं गाणं आधी ऐकू आलं ते काळी-पिवळी जीपमधून. मागच्या बाजूला सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकरांचे दोन बॉक्स आणि त्यावर अहिराणी गाण्यांची कॅसेट. आवाज लांब जायचा, पण छातीत बसायचा नाही. यात डेकच्या अशक्तपणाइतकाच गाडीचाही दोष होता. बंद कारच्या आत खालच्या सुरांना फुकटचा जोर मिळतो : आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० कंपनांच्या) खाली केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सूर जितका खाली, तितका तो उचलला जातो. ताडपत्रीच्या, उघड्या बाजूंच्या जीपमध्ये दाबायला हवाच कोंडलेली नसते. तोच बारा इंची वूफर हॅचबॅकमध्ये हादरे देतो आणि उघड्या जीपमध्ये लटका वाटतो, तो यामुळे. आजही बास, म्हणजे खालचे सूर, तपासताना काचा खाली असतील तर अंदाज चुकतो.

डेकच्या छताच्या वर जायचं तर बॅटरीचं व्होल्टेजच वाढवायला हवं. २०० वॅट चार ओममध्ये ढकलायला २८ व्होल्ट लागतात, आणि लाटेच्या टोकाला ४०. अमेरिकेत १९७० च्या दशकात गाडीसाठी वेगळे अ‍ॅम्प निघाले, तेव्हा जुनी थरथरती पट्टी नव्या रूपात परत आली : तिच्या जागी ट्रान्झिस्टर, तेही सेकंदाला हजारो वेळा तोडजोड करणारे. आजचा कोणताही अ‍ॅम्प उघडला की एका टोकाला तांब्याची जाड तार गुंडाळलेलं मेदूवड्याच्या आकाराचं कडं दिसतं. बारा व्होल्ट तिथे चढतात. अ‍ॅम्प मेला आणि फ्यूज लावताक्षणी उडत असला, तर बहुतेक वेळा या कड्याशेजारचे मॉसफेट, म्हणजे तोडजोड करणारे ट्रान्झिस्टर, गेलेले असतात. नंतर क्लास डी आला. त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे न राहता पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात, म्हणून तापतात कमी. सबवूफरच्या मोनो अ‍ॅम्पमध्ये आता हाच चालतो. खानदेशच्या उन्हात याचं मोल जास्त. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत आधीच साठ-पासष्ट अंश असतात. क्लास एबीचा अ‍ॅम्प त्यात अर्ध्या तासात प्रोटेक्टवर जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

दुसरीकडे बॉक्सचं शास्त्र स्वतंत्रपणे वाढत होतं. भोक असलेल्या, म्हणजे पोर्टेड बॉक्सचं पेटंट बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं. पूर्ण बंद बॉक्समधली हवाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरता येते, हे एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये दाखवलं. मग ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांचा १९६१ चा निबंध आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं रिचर्ड स्मॉल यांचं काम यांतून वूफरचे असे आकडे ठरले, की त्यावरून बॉक्सचं माप आधीच काढता येतं. चांगल्या सबवूफरच्या खोक्यातल्या कागदावर एफएस (वूफरचा स्वतःचा नैसर्गिक सूर), क्यूईएस (तो सूर मॅग्नेट किती आवरतं त्याचा आकडा), व्हीएएस (वूफरच्या लवचिकपणाइतकी हवा) छापलेलं असतं, ते हेच. एफएसला क्यूईएसने भागा : उत्तर ५० च्या आत आलं तर बंद बॉक्स, १०० च्या आसपास किंवा वर गेलं तर पोर्टेड, मधलं आलं तर दोन्ही चालतात. हा कागदच नसेल तर तो वूफर घेऊ नये, असं आमचं मत. खोक्यावर कितीही वॅट असोत.

‘भो, ठोका छातीत बसला पाहिजे,’ म्हणणारा गिऱ्हाईक पैसे वूफरवर घालतो आणि बॉक्स सुताराकडून उरलेल्या प्लायचा करून घेतो. खरं तर पैसा उलटा लावला तरी चालेल. बारा इंची वूफरला बंद बॉक्स साधारण एक घनफुटाचा लागतो. आतून १५ बाय १४ बाय ९ इंच धरले की १८९० घन इंच होतात. एक घनफूट म्हणजे १७२८, वरचे १६२ वूफरचं मॅग्नेट खातं. फळी १८ मिलिमीटर एमडीएफची. नेहमीची चूक इथे होते : ही आतली मापं सुतार बाहेरची धरून फळ्या कापतो. मग आत १३०० घन इंचच उरतात, ३१ टक्के जागा जाते, आणि बास खोल जाण्याऐवजी एकाच सुरावर ढुमढुमतो. चिठ्ठीवर ‘आतून’ हा शब्द मोठा लिहून खाली रेघ मारलेली बरी. सांध्यांना फेव्हिकॉल, चार-चार इंचांवर स्क्रू, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन. वूफर बसवल्यावर गाणं लावून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवायची. धूर जिथे फुरफुरतो तिथे गळती आहे.

कापसाचा मुलूख असल्याने बॉक्समध्ये सरकी काढलेला कापूस भरायचा मोह होतो. बॉक्स जरा लहान झाला असेल तर आत तंतू भरल्याने तो वूफरला थोडा मोठा भासतो, हे खरं. पण खरा कापूस दमट होतो, हादऱ्यांनी खाली बसून गोळा होतो आणि कॉइलच्या (वूफरचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) मागच्या भोकातही जातो. उशीत भरतात तो रेक्रॉनचा कृत्रिम कापूस घ्यायचा, घनफुटाला पाव ते अर्धा किलो, मोकळा पिंजून. तोही बंद बॉक्समध्येच.

पोर्टेड बॉक्सला याच वूफरसाठी पावणेदोन ते दोन घनफूट लागतात. तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त मिळतो, लग्नाच्या गाडीवाल्यांना तोच हवा असतो. मात्र पोर्ट ३५ हर्ट्झला जुळवला असेल, तर त्याखालच्या सुरांना कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते. अ‍ॅम्पवरचं सबसॉनिकचं (फार खालचे सूर अडवणारं) बटण ३० वर ठेवायचं ते एवढ्यासाठी. ते बटण नसलेला अ‍ॅम्प पोर्टेड बॉक्सला लावू नये.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत मागे टाकीच बसलेली असते, त्यामुळे हा सगळा प्रश्न मिटतो : सीटखाली मावणारा, अ‍ॅम्प आतच असलेला आठ इंची सब. त्यातून घरच्या माणसांसकट प्रवासाला पुरेसा बास मिळतो, हादरे मिळत नाहीत.

आता ओमचं. अ‍ॅम्पला स्पीकर जितक्या कमी ओमचा, तितके वॅट जास्त निघतात. टीडीए २००३ पासूनचीच गोष्ट. म्हणून सबवूफर दोन कॉइलचे निघाले. ४ अधिक ४ ओमचा वूफर समांतर जोडला तर २ ओम, एकापुढे एक जोडला तर ८. २ अधिक २ चा अनुक्रमे १ आणि ४. खरेदीचा क्रम यावरून ठरतो : आधी अ‍ॅम्प कमीत कमी किती ओम झेपवतो ते पाहायचं, मग त्या ओमला बसणारा वूफर. चार चॅनेलच्या (चार स्पीकर वेगवेगळे चालवणाऱ्या) अ‍ॅम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले की त्यांची मर्यादा बहुतेक वेळा ४ ओमची असते. त्याला ४ अधिक ४ चा वूफर समांतर, म्हणजे २ ओमवर जोडला, की हळू आवाजात सगळं ठीक चालतं. आवाज वाढवला की ठोक्यासरशी लाल दिवा लागून अ‍ॅम्प बंद पडतो. दुकानदार अ‍ॅम्प बदलून देतो, नवाही तेच करतो.

वॅटच्या फुगवट्यालाही इतिहास आहे. टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) लिहायची चाल आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे. त्या आकड्याला मोजण्याची ठरलेली रीतच नव्हती. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आलं : १४.४ व्होल्ट, चार ओम, आणि विकृती १ टक्क्याच्या आत असतानाची सलग शक्ती. हे नाव किंवा निदान ‘आरएमएस’ (सलग शक्ती) शब्द असलेला आकडाच धरायचा. आणि ५०० ऐवजी ६०० वॅटसाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी हे पाहा : दोन्हींतला फरक ०.८ डेसिबल, कानाला जेमतेम कळेल एवढा. शक्ती दुप्पट केली तरी ३ डेसिबलच वाढतात.

वायरचं मात्र खानदेशातल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. बोअर खोल गेली की केबल जाड लागते, नाहीतर व्होल्टेज पडून मोटर जळते, हे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पोराटोरांना माहीत आहे. गाडीत तेच, फक्त इथे सुरुवातच बारा व्होल्टांपासून असल्याने अर्धा व्होल्टसुद्धा जड जातो. ५०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प जोरात असताना ४५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरा. घरच्या वायरिंगची अडीच एमएमची तार टाकली तर तिच्यातच दीड व्होल्ट पडतात आणि ती तापते. ८ गेजमध्ये (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, ४ गेजमध्ये ०.२. हे अस्सल तांब्याचे आकडे. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार येते. एक तंतू ब्लेडने खरवडा, आत पांढरा निघाला तर किट परत करा. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, या अ‍ॅम्पला ६० अँपिअरचा. तो अ‍ॅम्पसाठी नसून तार कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये यासाठी असतो. अर्थिंगची तार तेवढीच जाड, दीड फुटाच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने. रंगावरच आवळली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुईं ऐकू येते. डेकचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या तारेपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची.

शेवटचं काम गेनचं, आणि वूफर जळतात ते बहुधा इथे. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेकचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची जुळणी आहे. वूफरची तार काढून ठेवा, बास बूस्ट शून्यावर, डेक पाऊण आवाजावर, लो-पास (वरचे सूर अडवणारं बटण) ८० हर्ट्झला, आणि ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला धरा. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ : ३०० वॅट दोन ओमवर हवे तर २४.५ व्होल्ट, चार ओमवर ३४.६. तो आकडा आला की हात थांबवायचा. त्यापुढे लाटेची टोकं कापली जातात, कोन तेवढाच हलतो पण कॉइलमध्ये उष्णता भरत जाते. २०० अंशांना पोचलेल्या तांब्याच्या कॉइलचा रोध १.७ पट झालेला असतो, म्हणजे वूफर आधी मंदावतो. ऐकणारा आवाज आणखी वाढवतो, मग जळका वास येतो.

तार परत जोडल्यावर इंजिन चालू ठेवून, नेहमीच्या जोरात गाणं लावून अ‍ॅम्पच्या पॉवर टर्मिनलवर डीसी व्होल्ट पाहावेत. ठोक्यागणिक आकडा १२.५ च्या खाली जात असेल, तर मीटर बॅटरीवर लावा. तिथेही तेवढाच पडत असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र) किंवा बॅटरी कमी पडते आहे. तिथे ठीक असेल तर दोष तारेत, फ्यूजच्या होल्डरात नाहीतर अर्थिंगच्या बोल्टात.