गट्टी गादी आणि आधाराची गादी

बेळगावात खडेबाजारात गादी बघायला गेलं, की दुकानदार आधी तिच्यावर मूठ आपटून दाखवतो. शेजारच्या गिऱ्हाइकाला "गट्टी ऐती री" म्हणतो आणि आपल्याकडे वळून, "कडक आहे वो, कंबरेला एकदम बेस्ट." कन्नडातल्या ‘गट्टी’मध्ये कडक आणि भक्कम असे दोन्ही अर्थ मावतात. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, तरी गादीच्या दुकानात आपणही ते एकच धरून चालतो. मीही चाललो होतो. कंबर धरली म्हणून काथ्याची सगळ्यात कडक गादी उचलून आणली आणि पंधरा दिवसांत उजवा हात रात्री बधिर व्हायला लागला. मी कुशीवर झोपतो, हे दुकानात मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अंग टेकल्या टेकल्या गादीचा वरचा भाग किती दबतो, तो तिचा कडकपणा. दबायचं तेवढं दबून झाल्यावर ती कण्याला कुठल्या रेषेत धरून ठेवते, तो तिचा आधार. घरातली शहाबादी फरशी बघा. तिच्याइतकं कडक काही नाही, पण तिच्यावर उताणं झोपलं की टेकतात फक्त पाठीचे फरे आणि कुल्ले, कंबरेची पोकळी रात्रभर अधांतरी राहते. उलट टोकाला कापसाची जुनी गादी. मऊ खरी, पण दोन वर्षं पिंजून घेतली नाही तर मध्ये खड्डा पडतो आणि माणूस झोळीत झोपल्यासारखा वाकतो. पहिलीत कडकपणा आहे आणि आधार नाही, दुसरीत दोन्ही नाहीत.

कंबर दुखली की फळीवर झोप, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर हेच तपासलं गेलं. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. फळीवाल्या काकांना हे पटत नाही, ते असो.

लेटेक्सच्या गादीत हा फरक हाताला कळतो. रबराच्या चिकाला फेस आणून, साच्यात ओतून, उष्णता देऊन ती पक्की करतात. तळवा हलका ठेवला तर ती सहज दबते. कोपराने जोर लावला तर तितक्याच जोराने उलट रेटते. खांद्याला जागा द्यायची आणि कंबरेला उचलून धरायचं, अशी दोन्ही कामं ती एकाच वेळी करू शकते. मेमरी फोम, म्हणजे अंगाचा आकार धरणारा फोम, अंगाच्या उबेने हळूहळू मऊ होतो. आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत तो सुरुवातीला चांगलाच ताठ लागतो. लेटेक्सला थंडीचा तेवढा फरक पडत नाही. एक मात्र बघून घ्या: काथ्याच्या गादीतही तंतू चिकटवायला लेटेक्सच फवारलेलं असतं. त्यामुळे "आत लेटेक्स आहे" हे दुकानदाराचं वाक्य खोटं नसतं, पण ती लेटेक्सची गादी नव्हे. चेन उघडून आत बघू द्या म्हणावं.

आता आपल्या अंगाचा हिशेब. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कुल्ला आत रुतायला हवा, म्हणून वरचा दोनेक इंचाचा थर मऊ आणि खालचा गाभा घट्ट. उताण्या झोपणाऱ्याला मध्यम पुरते. पालथं झोपणाऱ्याला मात्र थोडी कडकच लागते, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते.

खरा घोळ वजनाचा. खानापूरची माझी आत्या जेमतेम ४५ किलोची आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, ९० किलोच्या पुढचे. ज्या गादीवर मामा आरामात रुततात, तिच्यावर आत्या पाटावर निजल्यासारखी वरच राहते. "खांदा दुखतोय की रे, आणि हे म्हणतात गादी मऊ आहे!" दोघंही खरंच बोलत होते. गादीला ठरलेला असा कडकपणा नसतोच, वर कोण निजलंय त्यावर तो ठरतो. शेवटी पलंगाच्या तिच्या अर्ध्या भागावर दोन इंची मऊ लेटेक्सचा थर टाकला. नवी गादी घ्यावीच लागली नाही.

दुकानात मूठ आपटू नका, दहा मिनिटं आडवे व्हा, लाजू नका. उताणे झोपून कंबरेखाली हात सारा. आरपार मोकळा गेला तर तुमच्यासाठी ती जास्त कडक; हात शिरायलाच नको म्हणाला तर तुम्ही जास्त रुतलाय. कुशीवर असताना सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. उशी घरचीच न्या, लोक हसले तरी चालतील.

लेटेक्स वजनाला जड. ६ फूट बाय ५ फुटांची, ६ इंच जाडीची गादी साधारण ३५ किलो भरते. शहापुरातल्या जुन्या घरांच्या अरुंद जिन्यातून ती चढवायला दोन माणसं बोलवा. आणि पावसाळा सरला की कापसाच्या गाद्यांसारखी ती गच्चीवर उन्हात घालू नका, उन्हाने रबर पिवळं पडून भुगा होतो. फळीबंद पलंगाऐवजी पट्ट्यांचा पलंग घ्या, खालून वारा खेळला की ओल धरत नाही. एवढं करून जमलंच नाही, तर मधूनमधून खोलीतल्या खोलीत भिंतीला टेकवून पंखा लावायचा.