नाव साखरेचे, दुखणे इन्सुलिनचे : मधुमेहाविषयीचे गैरसमज

मधुमेहाला बोलण्यात सर्रास ‘शुगर’ म्हटले जाते. ‘शुगर निघाली’, ‘शुगर वाढली’, ‘शुगरच्या गोळ्या चालू आहेत’ अशा शब्दांत या आजाराचा सगळा व्यवहार चालतो, आणि त्याबद्दल कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. खुद्द वैद्यकानेही बारसे करताना हेच केले आहे. मधुमेह या शब्दात मध आहे आणि ‘डायबेटीस मेलिटस’मधल्या मेलिटसचा अर्थही मधासारखे गोड असाच होतो. टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६७४ साली रुग्णांच्या मूत्राच्या गोडीची नोंद केली आणि पुढे शंभर वर्षांनी, १७७६ साली, मॅथ्यू डॉब्सनने ते मूत्र आटवून खाली उरणारा पदार्थ साखरच असल्याचे दाखवले. मात्र नावात आले ते आजाराचे बाहेर दिसणारे लक्षण. त्याचे कारण नव्हे. आज शिकल्यासवरल्या घरांतही मधुमेहाविषयी जे गैरसमज आढळतात, त्यांतले बरेचसे या नावातूनच फुटलेले आहेत, असे मला वाटते.

सगळ्यांत जुना समज असा की, गोड फार खाल्ले म्हणून मधुमेह झाला. याचा उलगडा करण्यासाठी आधी एक छोटा हिशेब मांडावा लागेल. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्याच्या प्रत्येक डेसिलिटरमध्ये ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर सगळ्या रक्तात मिळून ते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर भरते. एका भरपेट जेवणातून याच्या दहापट, कधी त्याहूनही अधिक ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरते, आणि तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली पातळी दोन-तीन तासांत जवळपास मूळ जागी येते. हे साधते ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमुळे. ग्लुकोज वाढू लागताच त्या इन्सुलिन सोडतात, इन्सुलिनच्या सांगण्यावरून स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात आणि यकृत आपल्याकडून रक्तात ग्लुकोज सोडणे आवरते घेते. टाइप २ मधुमेहात स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसे जुमानत नाहीत. बीटा पेशी काही वर्षे जास्तीचे इन्सुलिन करून वेळ मारून नेतात आणि तोवर तपासणीत काहीच दिसत नाही. त्या थकू लागल्या की मग आकडा चढतो. म्हणजे रक्तातली साखर हा या गोष्टीचा शेवटचा अंक आहे.

मग गोडाचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो आडवळणाने येतो. गरजेपेक्षा अधिक खाणे, त्यातून यकृतात आणि पोटात साठणारी चरबी, बैठे आयुष्य, वाढते वय आणि आनुवंशिकता या सगळ्यांनी मिळून इन्सुलिनला होणारा विरोध वाढतो. साखर घातलेली पेये या गरजेबाहेरच्या खाण्यात मोठी भर घालतात, कारण ती पोट भरल्याची जाणीव न देताच उतरतात. टाइप १ मधुमेहाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तिथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या बीटा पेशी नष्ट करते आणि त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही. असा मधुमेह झालेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘तुम्ही गोडाचे फार लाड केलेत’ असे ऐकवणे हे चूक तर आहेच, शिवाय निर्दयपणाचेही आहे.

याच्याच शेजारचा दुसरा समज म्हणजे मधुमेह जाड माणसांना होतो. वजनाचा संबंध खरा आहे, पण वजनकाटा चरबी कोठे साठली आहे हे सांगत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचेच छायाचित्र छापले होते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता, शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटात आणि यकृतात इन्सुलिनला अडवण्याइतकी चरबी असू शकते, हे त्या एका चित्राने जितके पटते तितके चार पानी लेखाने पटणार नाही.

निदान झाले की गैरसमजाची बाजू पालटते. ‘साखर सोडली, आता काळजी नाही’ असे म्हणत चहातली साखर बंद होते आणि ताटातले बाकी सगळे तसेच राहते. साखरेचा रेणू निम्मा ग्लुकोजचा आणि निम्मा फ्रुक्टोजचा बनलेला असतो. उलट स्टार्च, म्हणजे धान्यातला आणि बटाट्यातला पिष्टमय भाग, निव्वळ ग्लुकोजच्या साखळ्यांचा असतो. जिभेला तो गोड लागत नाही एवढेच. रक्तातली साखर कोणता पदार्थ किती झपाट्याने वाढवतो हे मोजणाऱ्या ग्लायसेमिक निर्देशांकात शुद्ध ग्लुकोजला १०० मानतात, आणि त्या मापावर साध्या साखरेचा आकडा ६५ च्या आसपास, तर मैद्याच्या पांढऱ्या पावाचा ७५ च्या आसपास येतो. यावरून साखर खावी असा अर्थ कोणी काढू नये; पाव बेफिकिरीने खाऊ नये एवढाच काढावा. वेष्टनावर ‘शुगर फ्री’ छापलेल्या बिस्किटात मैदा असतोच. मध नैसर्गिक असला तरी त्यात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते. कडू रस प्यायल्याने गोड उतरते ही समजूतही जिभेच्या हिशेबातून आली आहे. कडू आणि गोड एकमेकांना मारतात ते तोंडात, रक्तात नव्हे. अख्खे फळ मात्र विनाकारण बदनाम झाले आहे. चोथ्यासकट चावून बेताने खाल्लेले फळ आणि तेच पिळून काढलेला ग्लासभर रस यांत फरक आहे, आणि टाळायचा तो रस.

घरी ग्लुकोमीटर बाळगणाऱ्या रुग्णांना सतावणारे एक कोडे आहे: रात्री हलके जेवलो, झोपताना शुगर बरी होती, रात्रभर तोंडात काही घातले नाही, आणि तरी सकाळी आकडा वर कसा? यावर घरात संशयाचे वातावरण तयार होते. रात्री उठून कोणी काही खाल्ले का, अशी चौकशी होते. वास्तविक खाल्लेले काहीच नसते. मेंदूला रात्रीही ग्लुकोज लागते आणि ते पुरवण्याचे काम यकृत करते. उपाशी माणसाचे यकृत दर मिनिटाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. साठ किलोच्या माणसात हे तासाला सात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ तासांच्या झोपेत पन्नास ग्रॅमहून अधिक होते. निरोगी शरीरात इन्सुलिन या कामावर लगाम ठेवते. मधुमेहात तो लगाम ढिला पडतो, आणि त्यातच पहाटे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि वाढीचे संप्रेरक यांची पातळी चढू लागल्याने यकृताला आणखी जोर येतो. सकाळचा आकडा अनेकदा रात्रीच्या जेवणापेक्षा यकृताबद्दलच अधिक सांगत असतो. जेवण आणखी कमी करून तो आटोक्यात येतोच असे नाही. औषधाची मात्रा किंवा वेळ डॉक्टरांना बदलावी लागू शकते. (एक कारण मात्र अगदी साधे असते. नुकतेच संत्रे सोललेल्या बोटातून थेंब घेतला, तर बोटावरची साखर त्यात मिसळते आणि आकडा भलताच येतो. थेंब घेण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करावेत.)

‘मला काही त्रास नाही, म्हणजे मला मधुमेह नाही’ हा समज या सगळ्यांत घातक म्हणावा लागेल. वारंवार लघवी, तहान, वजन घटणे ही लक्षणे खरी, पण ती उशिरा येतात. मूत्रपिंडे रक्तातले ग्लुकोज गाळून पुन्हा परत घेतात, आणि पातळी साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावरच ते मूत्रात उतरू लागते. निदानाची रेषा मात्र उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅमवर आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षे काही न जाणवता वावरू शकतो. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात टाइप २ मधुमेहाच्या पाच हजारांहून अधिक नव्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांमध्ये, निदान झाले त्याच वेळी, डोळे, नसा किंवा रक्तवाहिन्या यांपैकी कशाला तरी इजा झाल्याच्या खुणा आढळल्या होत्या.

तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळून चांगला अहवाल मिळवणारेही कमी नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास जसा, तसाच हा प्रकार. उपाशीपोटीचा आकडा त्याने सुधारतोही. पण एचबीएवनसी ही तपासणी अशी फसत नाही. ती लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुकोज मोजते, आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब तिच्यात नोंदलेला असतो. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेह दाखवतो. रक्तक्षय किंवा नुकताच झालेला रक्तस्राव असेल तर तिचाही आकडा चुकू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषधांच्या बाबतीत कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते. ‘त्यांना इन्सुलिन सुरू झाले आणि मग पाय गेला’ अशी हकीकत ऐकणाऱ्याच्या मनात इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असे पक्के बसते. प्रत्यक्षात इन्सुलिन इतके लांबवलेले असते की ते सुरू होईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. टाइप २ मध्ये बीटा पेशी वर्षांगणिक कमी पडत जातात, त्यामुळे अनेकांना पुढे केव्हातरी बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. त्यात रुग्णाचा पराभव नाही. त्याची सवय लागते हेही खरे नाही. गरोदरपणातल्या मधुमेहात किंवा मोठ्या आजारपणात सुरू केलेले इन्सुलिन गरज संपली की बहुधा थांबवता येते. वजन वाढणे आणि साखर एकदम उतरणे हे त्याचे खरे तोटे आहेत, आणि दुसऱ्या तोट्याची माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी: थरथर, घाम, गोंधळलेपणा दिसला आणि आकडा ७० च्या खाली गेला, तर रुग्ण शुद्धीवर असेतो त्याला पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. अशा वेळी ‘मधुमेह्याला साखर कशी द्यायची’ हा विचार जीवावर बेतू शकतो. इन्सुलिनचे मोल समजण्यासाठी टोरांटोतला जानेवारी १९२२ आठवावा. लिओनार्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा टाइप १ मधुमेहाने मरणपंथाला लागला होता. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा पहिला अर्क अशुद्ध असल्याने फारसा लागू पडला नाही. त्यांचा सहकारी कॉलिप याने शुद्ध केलेला अर्क बारा दिवसांनी टोचला, तेव्हा साखर झपाट्याने उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

मेटफॉर्मिनची गोळी मूत्रपिंड बिघडवते, या समजुतीतही हाच उलटा क्रम आहे. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मधुमेहाने किंवा रक्तदाबाने थकली की ते शरीरात साचू नये म्हणून डॉक्टर मात्रा घटवतात किंवा गोळी बंद करतात, आणि बघणाऱ्याला वाटते की गोळीनेच घात केला. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्याकडे मात्र लक्ष ठेवावे लागते.

मधुमेह कायमचा जातो का, या प्रश्नावर दोन्ही टोकांची उत्तरे ऐकू येतात, आणि दोन्ही फसवी आहेत. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगात, निदानाला सहा वर्षे उलटली नव्हती अशा टाइप २ च्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला केवळ साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार देखरेखीखाली दिला गेला. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के जण औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते आणि पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र ४६ चे ३६ टक्के झाले. म्हणून डॉक्टर ‘बरा झाला’ न म्हणता ‘शमला’ म्हणतात, आणि तपासण्या चालू ठेवतात. टाइप १ ला यातले काहीच लागू नाही. त्यात इन्सुलिन परस्पर थांबवणे प्राणावर बेतते.

नावाने घातलेला शेवटचा घोळ म्हणजे, आकडा ठीक आला की सगळे ठीक. मधुमेहात सर्वाधिक जीव जातात ते हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी, आणि त्यांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा वाटा मोठा असतो. डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ या अभ्यासात १६० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि राहणीमान या सगळ्यांवर एकत्र उपचार झाले. सुमारे आठ वर्षांनी त्यांच्यातला हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनांचा धोका नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत निम्म्याने कमी निघाला. आणि पाय? ग्लुकोमीटर पायाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी नायलॉनचा एक जाड धागा असतो, जो दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून डॉक्टर तो तळव्याला आणि अंगठ्याला आळीपाळीने टेकवतात, आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचे असते. एखाद्या जागी धागा वाकला तरी ‘हो’ येत नाही. त्या जागी उद्या चपलेतला खडा टोचला, तरी तो त्या माणसाला कळणार नसतो.