प्लगिनच्या आवृत्त्या आणि लॉक फाइल

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचं म्हटलं, तर त्यातली प्रत्येक ओळ कुणी स्वतः लिहीत बसत नाही. पीडीएफसाठी एक प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा तयार भाग, बारकोडसाठी दुसरं. आणि ही दोन्ही पुन्हा तिसऱ्याच कुणाच्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर, चालतात.

प्रत्येकाला आवृत्तीचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ 2.4.1. शेवटचा आकडा वाढला तर चूक दुरुस्त झाली, मधला वाढला तर नवी सोय आली, पहिला बदलला तर जुनं काम मोडू शकतं. हा संकेत आहे. सगळे तो पाळतातच असं नाही.

खरी गाठ पुढे बसते. पीडीएफच्या प्लगिनला चित्रांची लायब्ररी 1 मालिकेतली हवी, बारकोडवाल्याला 2 मधली, आणि एका प्रोग्रॅममध्ये बहुधा एकच चालते. मग बारकोडची जुनी आवृत्ती शोधा, तर ती तिसऱ्याच लायब्ररीशी भांडते. 20 लायब्रऱ्या, प्रत्येकीच्या 10 आवृत्त्या, एवढ्यावरच जुळण्या होतात 1 वर 20 शून्यं इतक्या! प्रत्येक वेळी हमखास झटपट उत्तर देणारी रीत गणिताला अजून सापडलेली नाही.

म्हणून एकदा जमलेली, तपासलेली जुळणी लॉक फाइलमध्ये नोंदवायची: नाव, नेमकी आवृत्ती आणि फाइलचा एसएचए-256 हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतो. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यावरून ते कुठल्या वितळणीतलं हे कळतं. लॉक फाइलचं काम तेच.

डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं गंभीर भोक सापडलं, तेव्हा जगभर पहिला प्रश्न हाच होता: आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे? नोंद होती त्यांना उत्तर लगेच मिळालं. पण 2.14.1 लॉक करून जे निवांत बसले, त्यांच्याकडे भोकही लॉक झालेलं होतं. उलट 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तेव्हाच्या सर्वांत नव्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्येच चोरवाट निघाली, जुन्या आवृत्त्या शाबूत होत्या. म्हणजे नवं आपोआप घेऊ नये आणि जुन्याला चिकटूनही राहू नये. ठरवून बदलावं, तपासावं, पुन्हा लॉक करावं.

आणि सगळी प्लगिन इन्स्टॉलरमध्येच भरून द्यावीत, हे माझं ठाम मत. कारखान्यातल्या पीसीला नेट असेलच असं नाही. असलं, तरी त्या दिवशी इंटरनेटवरून जी आवृत्ती उतरेल ती आपण तपासलेली नसते.