ग्वेन रॅव्हेरा : ‘पहिली’ कुठल्या अर्थाने?

मुंबईत गॅलरीत लाकडाच्या ठशाचं चित्र लागलं की खालच्या पाटीवर सरसकट ‘वुडकट’ लिहितात. मला ते खुपतं, कारण इंग्रज चित्रकार ग्वेन रॅव्हेरा, जिला कुणी कुणी ‘पहिली कोरणारी बाई’ म्हणतात, तिचं काम वुडकट नाहीच, ते वुड एन्ग्रेव्हिंग आहे, आणि मराठीत आपण दोन्हीला ‘लाकडी ठसा’ म्हणून टाकल्यामुळे फरकच पुसला गेलाय.

वुडकट फळीवर होतं, लाकडाच्या रेषा जातात तशा, सुरी आणि पटाशीने. एन्ग्रेव्हिंगला खोड आडवं कापून चकती घ्यायची, बहुतेक बॉक्सवुडची, कारण ते लाकूड एवढं घट्ट असतं की हत्यार कुठल्याही दिशेला फिरवलं तरी ढलपी निघत नाही. केसाएवढी बारीक रेघ येते. आणि जिथे कोरलं तिथे शाई लागत नाही, म्हणजे काळ्यातून उजेड काढत जायचं. बरं, हा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छपाईच्या एकाच चौकटीत बसतो, म्हणून १९व्या शतकात इंग्लंडमधली मासिकं, वर्तमानपत्रं यावरच चालली. आपल्याकडे तेव्हा शिळाप्रेसचा, म्हणजे दगडावरून छापण्याचा जोर होता, कदाचित म्हणूनच वेगळा शब्द रुजला नसेल.

आता ‘पहिली’चा गुंता. त्या १९व्या शतकातल्या धंद्यात बायका कोरत होत्याच, पण चित्र दुसऱ्याचं, कोरणं यांचं, आणि नाव बहुतेक वेळा कुठेच नाही. शतक संपता संपता फोटोवरून छपाईचे ब्लॉक बनायला लागले आणि तो धंदा बसला. त्यामुळे ग्वेनला ‘पहिली कोरणारी बाई’ म्हणणं त्या सगळ्यांवर अन्याय आहे. ती पहिल्या फळीतली आहे ती स्वतःचं चित्र स्वतः कोरणाऱ्यांच्या, आणि माझ्या मते हीच मोठी गोष्ट आहे.

जन्म १८८५, केंब्रिज, उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनची नात. १९०८ ला लंडनच्या आर्ट स्कूलमध्ये गेली पण तिथे हे शिकवतच नव्हते, चुलतभावाच्या बायकोने हत्यार धरायला दाखवलं, बाकी स्वतःच. १९२० मध्ये एन्ग्रेव्हर लोकांची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ही होती. फ्रेंच चित्रकार नवरा बरीच वर्षं आजारी, १९२५ मध्ये गेला, पदरात दोन मुली. पुढे पुस्तकांसाठी ठसे, एका साप्ताहिकात कलासमीक्षा, दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी नकाशे काढायचं काम, सगळं केलं. नदीकाठ, झाडं, हिवाळ्यातला फिकट उजेड हे तिच्या ठशांत बघावं, करड्या रंगाचा थेंब नाही, नुसत्या पांढऱ्या रेघा दाट-विरळ करून आणलंय.

१९५१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि कोरणं थांबलं. पुढच्याच वर्षी लहानपणच्या आठवणींचं पुस्तक आलं, रेखाटनंही तिचीच. ते इतकं गाजलं की १९५७ मध्ये ती गेली त्यानंतरही बहुतेकांना ती लेखिका म्हणूनच माहीत राहिली.